नेहमीचंच सामान

त्या दुकानात मी खोटं बोलले ते मोजून चार शब्दांचं. ‘जस्ट द यूज्वल स्टफ.’ नेहमीचंच सामान, बाकी काही नाही. चार शब्दांचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मी स्वतःला बरेच महिने समजावून पाहिलं. समजूत पटली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी सिडनीत, वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या यंत्रांवर काम करते. रोज सकाळी पेशंटचा पहिला नमुना लावायच्या आधी आम्ही यंत्राला असा एक नमुना देतो, ज्याचा आकडा आम्हाला आधीच ठाऊक असतो. तो बरोबर आला तरच पुढचं काम. नव्या मुलांना मी कंटाळा येईपर्यंत सांगते, की छापील आकड्यावर जाऊ नका, स्वतः मोजा. आणि घरी मात्र मी एका स्टिकरवरच्या आकड्याच्या भरवशावर चार जिवांची गाडी डोंगरावरून खाली जाऊ दिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, ही नवऱ्याची हौस. ऑफिसातल्या लोकांकडून तो दहा वर्षं कॅरव्हॅनच्या सुट्ट्यांच्याच गोष्टी ऐकत आला होता. शेवटी एका निवृत्त जोडप्याकडून त्यानं सेकंडहँड कॅरव्हॅन घेतली आणि वेंटवर्थव्हिलच्या आमच्या ड्राइव्हवेत आणून उभी केली. ओढायला आमची मोठी गाडी होतीच. तिला टो-बार लावून झाला. राहिली ती ‘हिच’, म्हणजे गाडी आणि कॅरव्हॅन यांच्यामधली जोडणी.

हे प्रकरण मला तोवर माहीत नव्हतं, म्हणून सांगते. कॅरव्हॅनचं पुढचं टोक गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर टेकतं. त्या टोकाचा जो भार गोळ्यावर पडतो त्याला बॉल वेट म्हणतात. भार जास्त झाला की गाडी मागून बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. आता गाडी वळवायची ती पुढच्या चाकांनी आणि ब्रेकचा मोठा जोरही त्यांच्यावरच, म्हणजे तीच हलकी झाली तर संपलंच. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच नावाच्या जोडणीत दोन पोलादी बार असतात. ते साखळीनं ताणून बसवले की मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर जातो आणि गाडी सरळ उभी राहते. बार हलके, मध्यम, जड असे मिळतात. फार जड घेतले तर कॅरव्हॅन दणके खाते, फार हलके घेतले तर घेऊन न घेतल्यासारखेच. सगळी निवड त्या बॉल वेटवर.

नवऱ्याच्या ऑफिसात तेव्हा काहीतरी मोठं रिलीज होतं. तो म्हणाला, “मोजमाप हे तुझं खातं. तू ठरव, मी लावतो.” मला बरं वाटलं. कॅरव्हॅनच्या दाराजवळच्या स्टिकरचा मी फोटो काढला. बॉल वेट एकशे चाळीस किलो. झालं की, त्यात काय.

आई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. आईची ओळख एका वाक्यात करून द्यायची तर तिनं कोथरूडला तीस वर्षं मेस चालवली. घरातच. दोन वेळची मिळून साठ-सत्तर ताटं, शिवाय सायकलवरून जाणारे डबे. त्या डब्यांवर माझं एमएस्सी झालं, माझं इथलं पहिलं तिकीट निघालं. आणि कॉलेजात असताना मी मैत्रिणींना सांगत असे, की मेस आमची नाही, खालच्या भाडेकरूंची आहे.

ती सिडनीला उतरली तेव्हा आम्ही विमानतळावर बाहेर दीड तास ताटकळत होतो. सामानात काय काय आहे ते लिहून द्यायच्या कार्डावर तिनं सगळीकडे ‘येस’ला खूण केली होती. मेतकूट, काळा मसाला, चिंच, कोकम, सगळं तिनं त्या अधिकाऱ्यापुढे मांडलं, वास घ्यायला लावला, कशात काय घालतात ते सांगितलं. चिंच तेवढी त्यांनी ठेवून घेतली. बाकी सगळं घेऊन ती हसत बाहेर आली. शिवाय मेसमधला लोखंडी खलबत्ता. नऊ किलोंचा. “मिक्सरमध्ये मसाला तापतो गं,” ती म्हणाली, “वास उडून जातो.” मी म्हटलं, “आई, कशाला सगळं दाखवत बसलीस? निम्मी माणसं काही न सांगता बाहेर येतात.” तिला प्रश्नच कळला नाही. “आहे ते आहे म्हणायला काय झालं?”

ईस्टरच्या लाँग वीकेंडला चार मराठी घरं मिळून दक्षिणेला समुद्राकाठी जायचं ठरलं. बाकीचे केबिन आणि तंबूत राहणार, आमची कॅरव्हॅन म्हणजे सगळ्यांचं स्वयंपाकघर. पंधरा माणसं, चार दिवस. आईनं जाहीर केलं की स्वयंपाक ती करणार. मेस बंद होऊन तिला सहा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून ती कागदावर याद्या करायला लागली आणि दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. तिचं इथलं असणं त्या चार दिवसांवर उभं होतं, हे मला दिसत होतं. इथे दिवसभर तिला करायला काही नव्हतं. नात शाळेत, आम्ही कामावर, आणि ती खिडकीत.

तर ते दुकान. पेनरिथच्या बाजूला, शनिवारी सकाळी. नवरा ऑफिसच्या कॉलवर, म्हणून मी, आई आणि माझी चौदा वर्षांची लेक अशा तिघीच गेलो. दुकानदार सत्तरीचा असेल, हाफ पँट, उन्हानं रापलेले हात. भिंतीवर पोलादी बारांच्या तीन जोड्या टांगलेल्या. त्यानं लाकडी ठोकळे मांडून आम्हाला सगळं समजावलं, मागचा भार पुढे कसा जातो ते.

आईला इंग्रजी कामापुरतं कळतं. ती ठोकळ्यांकडे बघत होती, एकदम मला म्हणाली, “अगं, म्हणजे आपल्या डबेवाल्या पोऱ्याच्या सायकलसारखं. मागच्या कॅरियरला डबे जास्त झाले की हँडल उचलायचं. म्हणून तो दोन पिशव्या पुढे अडकवायचा.” आणि तिनं हातानं हँडल धरून उचलल्याचं करून दाखवलं. म्हातारा खूश झाला. “काय म्हणाल्या त्या?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “भारतातलं काहीतरी.”

मग मी ऐटीत त्याला स्टिकरचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, हा आकडा फॅक्टरीतला. रिकाम्या कॅरव्हॅनचा. ह्यात गॅसच्या टाक्या नाहीत, पाणी नाही, तुमचं सामान नाही. हिच रिकाम्या कॅरव्हॅनसाठी घ्यायची नसते, तुम्ही जी भरून नेणार तिच्यासाठी घ्यायची. “कॅरव्हॅनच्या पुढच्या डिकीत काय नेता तुम्ही? तिथलं वजन जवळजवळ सगळंच बॉलवर येतं.”

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजत तिनं सुरू केलं. “राइस ट्वेंटी. आटा ट्वेंटी. ऑइल फिफ्टीन. दाल ऑल टुगेदर, टेन ट्वेल्व्ह…”

मला घाम फुटला. आज विचार करते की मी कशाला घाबरले होते? इथे कुणी मला डब्यावरून, वासावरून कधी काही बोललेलं नाही. ही लाज मला ऑस्ट्रेलियानं दिलेली नाही, ती मी पुण्याहूनच आणली होती, डिक्लेअर न करता. मला एवढंच दिसत होतं, की ह्या माणसाच्या डोळ्यांपुढे आता सुट्टीला तांदळाची पोती घेऊन निघालेली बाई उभी राहणार. आणि पुढे खलबत्ता यायचा होता.

“आई, गप्प बस ना जरा,” मी मराठीत म्हटलं. हळू म्हटलं, पण दातओठ खाऊन. मग त्याच्याकडे वळून छान हसले. “ती घरच्या वाणसामानाचं बोलतेय. आमचं काही विशेष नसतं. जस्ट द यूज्वल स्टफ. खुर्च्या, बार्बेक्यूचं थोडं.”

 आईचा पेरावरचा अंगठा तिथेच राहिला.

म्हातारा आमच्या दोघींकडे एकेकदा बघून म्हणाला, पुढच्या शनिवारी भरलेली कॅरव्हॅन घेऊन या, माझ्याकडे काटा आहे, दहा मिनिटांत मोजू, त्याचे काही पैसे नाहीत. मी म्हटलं, नो वरीज, आम्ही बघू. पण भरलेली कॅरव्हॅन आणायची म्हणजे त्याच्यापुढे डिकी उघडायची. झाकली मूठ बरी. मी तिथल्या तिथे सगळ्यात हलके बार घेतले, एकशे चाळीसच्या हिशेबानं. तो म्हणाला, “मी असतो तर निदान मधले घेतले असते.” मी म्हटलं, आम्ही फार सामान नेत नाही.

लेक मोबाइलमध्ये होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

गुड फ्रायडेला उजाडता उजाडता आम्ही निघालो. आदल्या दिवशी आईनं डिकी स्वतः भरली. तांदूळ, कणीक, तेलाचा डबा, डाळी, दोन कुकर, मेसमध्ये शोभेल असं पातेलं, दोन बर्नरची शेगडी, नारळ, आणि सगळ्यात खाली गोणपाटात गुंडाळलेला खलबत्ता. नवऱ्यानं बार लावले, साखळ्या ताणल्या, दोन पावलं मागे येऊन बघितलं. “मागून जरा बसलीये का गं?” मी म्हटलं, “थोडी बसतेच. हिच आहे ना.” माझ्या आवाजात इतकी खात्री होती, की त्यानं पुन्हा विचारलं नाही. लॅबवाली बायको.

सपाटीवर ठीक चाललं होतं. समुद्राकडे उतरणारा घाट लागला तसं धुकं आलं आणि रस्ता ओला झाला. नवरा म्हणाला, “स्टीअरिंग फार हलकं लागतंय.” मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, “हँडल उचललंय.”

“आई, त्याला चालवू दे,” मी म्हटलं.

पुढच्याच वळणावर एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्यानं कॅरव्हॅनचं बूड हललं. नवऱ्यानं स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. पुढची चाकं नुसती घसरत राहिली आणि आम्ही सरळ शेजारच्या लेनमध्ये. मागच्या गाडीचा हॉर्न, लेकीची किंकाळी, नवऱ्याच्या हातांवर फुगलेल्या शिरा. फार तर तीन सेकंद. मग चाकांनी रस्ता धरला. नवरा अगदी हळूहळू बाजूच्या थांब्यापर्यंत गेला आणि गाडी थांबवून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.  आईचा हात नातीच्या छातीवर आडवा होता, तो तिनं बऱ्याच वेळानं काढला.

लाँग वीकेंड म्हणजे रस्त्यावर पोलीस असणारच. आमच्या मागे निळे दिवे येऊन थांबले. तिशीतली एक बाई उतरली. तिनं गाडी बघितली, कॅरव्हॅन बघितली. दोन्हींच्या मध्ये सांधा खाली खचला होता. डिकी उघडायला सांगून तिनं आत डोकावलं. मग शांतपणे विचारलं, “हे कुणी भरलं?”

ती ओरडली असती तर कदाचित मी बोलले असते. निदान मला तसं म्हणायला आवडतं. मी ओठ उघडले आणि काय सांगावं ह्याची जुळवाजुळव करत राहिले. नवऱ्याला तर काही माहीतच नव्हतं.

आई गाडीतून उतरली. पदर सारखा करत पुढे आली आणि म्हणाली, “मी. आय पुट ऑल. माय मिस्टेक. सॉरी.”

पोलीसबाई तिच्याशी फार गोड वागली. असं पुष्कळांचं होतं म्हणाली, दंड केला नाही, पण हे सामान हलवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही म्हणाली. मागून आमच्यातलंच एक कुटुंब येत होतं, त्यांच्या गाडीत आम्ही पोती चढवायला लागलो. पोलीसबाईनं स्वतः हात लावला. गोणपाटातला खलबत्ता उचलताना तिची भुवई वर गेली. “हे काय, लव्ह?” तिनं इथल्या लाडाच्या बोलीत विचारलं. आई म्हणाली, “फॉर मसाला.” पोलीसबाईनं बत्ता हातात घेऊन बघितला, हसली आणि म्हणाली, “माझ्या नॅनकडे असाच होता. दगडाचा.” बस्स. एवढंच. ज्या क्षणाला घाबरून मी हा सगळा उद्योग करून ठेवला होता, तो क्षण आला आणि एका बाईला तिची आजी आठवून निघून गेला.

नवरा आईला म्हणाला, “आई, एवढं कशाला घेतलंत हो? तिथे दुकानं आहेत की.” तो चिडला नव्हता, हादरला होता. आई म्हणाली, “चुकलंच माझं.” मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते, हातात डाळींची पिशवी घेऊन. आणि मी गप्प होते.

हे पहिल्यांदा नव्हतं. कॉलेजात असताना एकदा एक मैत्रीण न सांगता घरी आली होती. दारात आई, हातात पळी, कपाळावर घाम. मैत्रिणीनं विचारलं, “तुम्ही मेसच्या मावशी का?” मी मागेच उभी होते. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हो. ताई आहे आत, जा.” मी मैत्रिणीला आतल्या खोलीत नेलं. थोड्या वेळानं आई आम्हाला चहा देऊन गेली, परक्यासारखी, दारातूनच. त्यावर आम्ही दोघी कधीच काही बोललो नाही.

समुद्राकाठी पोचल्यावर तो किस्सा झाला. प्रत्येकानं तिखटमीठ लावून सांगितला. “काकूंच्या खलबत्त्यानं गाडी बसवली!” “काकू, पुढच्या वेळी जातं पण घ्या!” सगळे हसत होते, वाईट मनानं नाही. आईसुद्धा हसत होती. सगळ्यात मोठ्यानं मी हसत होते. तिनं पंधरा माणसांचं चार दिवस मनापासून केलं, पण खलबत्ता दुसऱ्यांच्या गाडीत होता तो तिनं मागितला नाही. ठेचा कुणाच्या तरी मिक्सरवर झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूत लेक माझ्याशेजारी येऊन बसली. समुद्राकडे बघतच म्हणाली, “मम, शी टोल्ड हिम. इन द शॉप. ट्वेंटी अँड ट्वेंटी. यू टोल्ड हर टु शट अप.”

“गप्प बस म्हणजे शट अप नव्हे,” मी म्हटलं.

“अँड देन यू लेट हर से सॉरी फॉर यू.”

मी काय करावं? मी तिला झापलं. मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालू नकोस, आजीला ह्यातलं काही बोलायचं नाही, फोन दे इकडे. चोराच्या मनात चांदणं. ती उठून गेली. तिचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच मी जास्त ओरडले.

त्यानंतर आई घरात कुठल्याच गोष्टीचं सांगेनाशी झाली. म्हणजे भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तर करायची. पण याद्या बंद झाल्या. आज काय करू, असं मला विचारायला लागली. ज्या बाईनं तीस वर्षं कुणाला विचारून भात टाकला नाही, ती ऑफिसात मला फोन करून विचारायची, “दोन वाट्या टाकू ना तांदूळ?” मी लॅबच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून म्हणायची, “टाक गं, तुला हवे तेवढे.” प्रत्येक वेळी आता सांगावं असं वाटायचं. प्रत्येक वेळी मशीन वाजायचं, कुणीतरी हाक मारायचं. निमित्त काय, मिळतंच.

जूनमध्ये ती परत गेली. बॅग भरताना मी खलबत्ता घेऊन आले. ती म्हणाली, “राहू दे इथंच. तुमच्या गाडीला जड, विमानाला जड.” आवाजात कुठेही टोचणी नव्हती. टोमणा असता तर मी भांडले असते आणि भांडता भांडता सगळं बाहेर आलं असतं. विमानतळावर तिनं नातीला जवळ घेतलं, जावयाला जपून चालवा म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी तेव्हाही काही बोलले नाही.

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत पुन्हा निघायचं ठरलं. नवरा म्हणाला, “आता आपलं सामान कमी असतं, आहे ती हिच चालेल.” मी म्हटलं, नाही, त्या दुकानात जायचं, आणि भरून जायचं. का ते सांगितलं नाही. आदल्या दिवशी मी एकटीनं डिकी भरली. तांदूळ वीस, कणीक वीस, तेलाचा डबा, डाळी, दोन्ही कुकर, पातेलं, शेगडी. आईची ईस्टरची यादी ड्रॉवरमध्ये होती, ती बघून भरली. सगळ्यात खाली खलबत्ता. नवरा बघत राहिला. “तिघांना एवढं?” मी म्हटलं, “मोजायचंय.”

म्हाताऱ्यानं आम्हाला ओळखलं. काटा आणता आणता त्यानं विचारलं, “हं, पुढे काय काय आहे?” आणि ह्या वेळी मी सांगितलं. नवऱ्यासमोर, लेकीसमोर, एकेक जिन्नस नाव घेऊन. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की माझा अंगठा पेरांवर फिरतोय. खलबत्ता शेवटी सांगितला. म्हाताऱ्यानं मान हलवली.

“म्हणजे तुमच्या आई हेच सांगत होत्या तर. ट्वेंटी, ट्वेंटी. मला ऐकू आलं होतं. पण तुम्ही म्हणालात वाणसामान, म्हटलं माझाच काही गैरसमज झाला असेल.” मग इकडेतिकडे बघून म्हणाला, “त्या नाही आल्या? सायकलचं त्यांना एका झटक्यात कळलं होतं. हँडल उचलतं ते. इथे येणाऱ्या निम्म्या लोकांना तासभर सांगूनही कळत नाही.”

मी ‘भारतातलं काहीतरी’ म्हणून उडवून लावलेलं त्याला आईच्या हातांवरूनच कळलं होतं.

काट्यावर आकडा आला दोनशे चौसष्ट. त्यानं हलके बार काढले, जड बार लावले, गाडीच्या पुढच्या चाकावर जमिनीपासूनची उंची आधी आणि नंतर मोजून दाखवली. गाडी सरळ उभी राहिली. लेक माझ्याजवळ येऊन उभी राहिली. परतीच्या वाटेवर नवऱ्यानं विचारलं, “आई त्याला सांगत होत्या? आणि तू सांगू दिलं नाहीस?” मी हो म्हटलं. “आणि मी त्यांना त्या रस्त्यावर…”  घरी येईपर्यंत त्यानं रेडिओ लावला नाही.

घरी आल्या आल्या मी पुण्याला फोन लावला. तिथे दुपारची जेवणं उरकायची वेळ. मी विचारपूस वगैरे न करता सांगून टाकलं. “आई, ईस्टरला गाडी घसरली ती तुझ्या सामानानं नाही. मी दुकानात खोटं बोलले म्हणून. मी चुकीची हिच घेतली. आणि पोलिसासमोर गप्प बसले. सगळ्यांसमोर हसलेसुद्धा.”

“मला माहितीये,” ती म्हणाली. “मी तिथंच होते ना.”

मला रडू आलं. “मग तू का सांगितलंस माझी चूक म्हणून?”

“तुला तिथं राहायचंय. नवऱ्यापुढे, लेकीपुढे मान खाली घालून कशी राहशील? माझं काय, मी चार दिवसांची पाहुणी.” पलीकडे तिनं नळ बंद केल्याचा आवाज आला. “तेव्हा पळी होती हातात, आता पोती होती. तुझा चेहरा तोच होता गं.”

म्हणजे पळीही ती विसरली नव्हती. मी माफी मागितली, दोन्हींची. ती म्हणाली, “बरं, बरं. रडू नकोस.” मी म्हटलं, पुढच्या ईस्टरला ये, आता बार बदललेत, हवं तेवढं भर. ती म्हणाली, “बघू.” आईच्या ‘बघू’चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. मग तिनं विचारलं, “किती भरलं वजन?”

“दोनशे चौसष्ट.”

“खलबत्ता धरून?”

“धरून.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि जेवण व्हायचंय म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर दोन ईस्टर झाले. ती आलेली नाही, गुडघे दुखतात म्हणते. आम्ही दर सुट्टीला जातो. तांदूळ आता पाचच किलो नेतो, तेल बाटलीतलं, आणि दर वेळी निघण्याआधी बॉल वेट काट्यावर मोजून साखळ्या बेतानं ताणतो. मसाला मला कुटता येत नाही. खलबत्ता मात्र गोणपाटात गुंडाळून डिकीत तळाशी असतोच. वापरत नसाल तर नऊ किलो उगाच कशाला ओढता, काढून ठेवा, असं त्या म्हाताऱ्यानं दोनदा सांगितलं. मी काढत नाही. पुढे काय आहे असं कुणी विचारलं, की मी त्याचंच नाव आधी घेते.